एका नाकावर चाललेलं ऑफिस

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, कापडाला आकडा देते. त्यावर लोक "म्हणजे अकाउंट्स का?" असं विचारतात आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. खरं उत्तर लांबचं आहे. देशाबाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टम्सच्या जाडजूड पुस्तकात एक आकडा ठरलेला असतो आणि आपली वस्तू त्यातल्या कुठल्या आकड्याखाली बसते, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. पहिले सहा अंक जवळपास सगळ्या जगात सारखे. जपानमधल्या कारकुनाला मराठी येत नाही, पण तो आकडा कळतो. माझ्या वाट्याला त्यातलं कापड आलं आणि कापडातही बहुतेक रेशीम.

रेशमासारखं नखरेल गिऱ्हाईक दुसरं नाही. कोश आणा, सूत आणा, थान आणा, सगळं पन्नासाव्या प्रकरणात गुण्यागोविंदाने राहतं. साडीही तिथेच, कारण ती कितीही भरजरी असली तरी पुस्तकाच्या लेखी ते न शिवलेलं कापड. पण तेच रेशीम हातभर रुंद विणून, कडा दुमडून, टोकांना गोंडे बांधून त्याची ओढणी किंवा स्टोल केला, की तो उठून बासष्टाव्या प्रकरणात जातो, कोट आणि परकरांच्या शेजारी. आणि हे सगळं केव्हा, तर मुळात ते रेशीम असेल तेव्हा. रेशीम म्हणून समोर आलेल्या कापडात रेशीम किती, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न, आणि भांडणं होतात तीही त्यावरूनच.

मी मूळची भंडाऱ्याकडची. लग्न करून पुण्यात आले, धायरीत संसार थाटला आणि खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत तीन वर्षं हेच काम केलं. तिथे कापड नव्हतं, कापडाचे फोटो होते. बस बदलत बदलत शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आणि दिवसभर पडद्यावर ओढण्या बघायच्या. एकदा एका रुमालाबद्दल मला शंका आली, म्हणून मी आमच्या टीमच्या प्रमुखाला विचारलं, "हा प्रत्यक्ष हातात घेऊन बघता येईल का?" तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. म्हणाला, "मॅडम, इमेज झूम करा ना." मी झूम केली आणि त्याच महिन्यात राजीनामा दिला. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. माझ्या नवऱ्याला हे पाठ आहे, त्यामुळे त्याने कारण विचारलं नाही, फक्त पुढे काय एवढंच विचारलं.

पुढे सर. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर, दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस होतं. सत्तरीला टेकलेले, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि एक बारीक चिमटा. उभा जन्म कापडाची पारख करण्यात गेलेला. निर्यात करणारे छोटे व्यापारी आणि त्यांची कागदपत्रं करणारे एजंट त्यांच्याकडे सल्ल्याला यायचे. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझ्या अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही.

"खराडीत कापडाला हात लावायला मिळत नाही म्हणे?"

"नाही सर."

"मग पगार कशाचा देतात?"

त्यांनी ड्रॉवरमधून कापडाचा एक तुकडा काढला, चिमट्याने एक उभा धागा ओढला, एक आडवा, आणि काडेपेटी माझ्यापुढे सरकवली. मी धागा पेटवला, विझवला, हुंगला.

"काय?"

"केस."

"कसले केस?"

"जळलेले."

"उद्यापासून या," सर म्हणाले. पगार किती ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

ही धागा जाळून बघायची रीत जुनी आहे आणि ती काही सरांनी शोधलेली नाही. खरं रेशीम कुरकुरत जळतं, ज्योत काढली की विझतं, टोकाला काळा मणी धरतं आणि तो मणी चिमटीत चुरडला जातो. वास जळलेल्या केसाचा. ज्याला बाजारात आर्ट सिल्क म्हणतात ते कागदासारखं भुरकन जळतं, वासही कागदाचा. पॉलिएस्टर असेल तर वितळून टणक गोळी होते. पण धागे एकमेकांत कातून मिसळलेले असले, वर गडद रंग असला, की ज्योत आणि राख दोन्ही गोंधळ घालतात. तिथे सर नाकावर विसंबायचे. "डोळ्याला फसवता येतं, बाई," ते मला सांगायचे. "चमक, रंग, भाव, सगळं डोळ्यासाठी केलेलं असतं. नाकासाठी अजून कुणी काही केलेलं नाही."

परीक्षा झाली की सर एक चिठ्ठी लिहायचे. दोन ओळी, खाली सही. कायद्याने त्या चिठ्ठीला काडीची किंमत नव्हती. पण कागदावर काय लिहावं या पेचात पडलेला एजंट ती वाचून निर्धास्त व्हायचा. सर म्हणाले ना रेशीम, मग रेशीम. जिथे शंका असेल तिथे सर सरळ प्रयोगशाळेचा रस्ता दाखवायचे. आणि त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला ऐकवला होता. स्वतः हुंगलं नाही त्यावर सही नाही.

मग ते साथीचे दिवस आले. सगळ्यांबरोबर सरही आजारी पडले, महिनाभर घरी होते. परत आले ते थोडे वाळलेले, पण जीभ तशीच. पहिल्याच दिवशी एक एजंट टाय घेऊन आला होता. सरांनी धागा काढला, काडेपेटी उचलली, क्षणभर थांबले आणि ती माझ्या हातात दिली.

"आज तुम्ही सांगा."

मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सही केली. दुसऱ्या दिवशीही मीच, तिसऱ्या दिवशीही मीच. मला आकाश ठेंगणं झालं. मी तयार झाले असं सरांनी मानलं, आता आपलं नाक सरांच्या बरोबरीचं झालं, असं मी घरी सांगितलं आणि त्या संध्याकाळी श्रीखंड आणलं. नवऱ्याने वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाला, "पगार पण वाढवला का?" मी म्हटलं, सगळ्या गोष्टी पगारात मोजायच्या नसतात. असली वाक्यं माणूस खूश असतानाच बोलतो.

तीन-चार महिने मी तशी तरंगत होते. मग एके दुपारी खालच्या दुकानातलं कसलंसं उपकरण जळालं. वायरींच्या आवरणाचा असा काही उग्र वास जिन्यातून वर चढला की डोळ्यांना पाणी आलं. वरच्या मजल्यावरचा शिंपी, शेजारचे वकील, सगळे धडाधड खाली उतरले. मी नेमकी पोस्टातून येत होते. रस्त्यावर बघितलं तर सर नाहीत. नाकाला पदर लावून वर गेले. खिडकी बंद, पंखा चालू, आणि सर टेबलाशी बसून शांतपणे पत्र लिहीत होते.

"सर, चला खाली!"

"का? कोण आलंय?"

त्या खोलीत श्वास घेववत नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला एकदम सगळं कळलं. ते "आज तुम्ही सांगा" आठवलं. ते मला मोठं करत नव्हते. त्यांना वास येत नव्हता.

मी म्हटलं, "खाली काहीतरी जळालंय म्हणतात, जिन्यात धूर आहे." धूर नव्हता. पण धूर दिसतो, म्हणून मी धूर म्हणाले. सर चष्मा खिशात घालून मुकाट्याने माझ्याबरोबर उतरले.

त्या रात्री मला खूप वाईट वाटलं, थोडं माझ्यासाठी आणि बरंच त्यांच्यासाठी. गवयाचा गळा जावा तसं होतं ते. गाणं गेल्याचं निदान समोरच्याला ऐकू तरी येतं, इथे कुणालाच काही कळत नव्हतं. आणि कळलं असतं तर? पेठेत बातमीला पाय लागायला अर्धा दिवस पुरतो. ज्यांच्या नाकाच्या भरवशावर लोक जिने चढून येतात त्यांना वासच येत नाही, एवढं एक वाक्य सुटलं की सरांच्या चिठ्ठीचा कागद झाला असता. घरी बसून टीव्ही बघणारे सर माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मी ठरवलं, आपण बोलायचं नाही.

मग आमचं ऑफिस एका नाकावर चालू लागलं. मी नुसते धागेच हुंगत नव्हते. दूध नासलं तर "आज काळा चहा करू का, सर?" असं विचारायचे. डब्यातली भाजी आंबलेली असली तर माझ्या डब्यातली मेथी पुढे करून त्यांची मागून घ्यायचे आणि खिडकीशी जाऊन गुपचूप टाकून द्यायचे. एकदा त्यांच्या पत्नीचा फोन आला. सर बाहेर गेले होते. त्या म्हणाल्या, "अहो, तिथे गॅसची शेगडी आहे ना? ती तेवढी तुम्हीच बंद करत जा." मी "हो, मीच बघते" म्हटलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आहात." त्या दोन वाक्यांत आमचं सगळं बोलणं झालं.

खरं सांगते, मला ते दिवस आवडायचे. सर धागा काढायचे, मी जाळायचे, ते राख बघायचे, मी वास सांगायचे. "रेशीम आहे, पण कोशाचा डिंक बराच राहिलाय," असं मी म्हटलं की ते मान हलवायचे. दोघं मिळून एक माणूस पुरा होत होता. नियम मोडतोय हे त्यांना सलत असणार, कारण सही करताना ते आता पेन जरा जास्त वेळ हवेत धरायचे. मी तिकडे दुर्लक्ष करायचे.

आणि मग मला सर्दी झाली.

डिसेंबर होता. सिंहगड रस्त्यावरची धूळ आणि पहाटेचा गारठा यांनी मिळून माझं नाक असं बंद केलं की चहा आणि गरम पाणी यांत मला फरक कळेना. घरी राहायला हवं होतं. पण मी नसले तर सर काय करतील, या विचाराने गेले, आणि प्रार्थना केली की आज कुणी धागा घेऊन येऊ नये.

आली ती आमच्या धायरीचीच बाई. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी, गावची जुनी. तिला सरांचा पत्ता मीच दिला होता. एका ओळखीच्या विणकराकडून ती स्टोल विणून घ्यायची आणि गल्लीतल्या दहा-बारा बायका त्यांना गोंडे बांधायच्या. इतकी वर्षं तिचा माल दुसऱ्यांच्या नावाने विकला जात होता. आता पहिल्यांदा परदेशातल्या एका दुकानवाल्या बाईंनी थेट तिच्याकडून माल मागवला होता. सोमवारी तो विमानाने निघायचा होता आणि कागदांवर रेशीम लिहायचं की नाही, याची एजंटला सरांची चिठ्ठी हवी होती.

"रेशीमच हाय, सर," ती म्हणाली. "इनकराला मी निक्षून सांगितलंय, दुसरं काय घालायचं न्हाई म्हनून."

"असेल हो. धागा काय म्हणतो ते बघू," सर म्हणाले. चिमट्याने त्यांनी आधी उभा धागा काढला. तो जळतानाच दिसला, अस्सल होता. मग आडवा. तो जाड होता, गडद जांभळा. मी काडी ओढली, धागा जाळला, विझवला आणि नाकाशी नेला.

काहीच नाही. मी पुन्हा हुंगला. सर माझ्याकडे बघत होते, ती बाई सरांकडे बघत होती. मी "मला आज वास येत नाही" म्हटलं असतं, तर ती अगदी साहजिक म्हणाली असती, मग सर तुम्हीच बघा की. आणि सरांना तो धागा तिच्यासमोर नाकाशी धरावा लागला असता. मला ते बघवलं नसतं.

"केस," मी म्हणाले.

सरांनी राख बोटावर घेतली, चोळली, उजेडात धरली. पुन्हा चोळली. मग म्हणाले, "बरं. चिठ्ठी उद्या सकाळी न्या."

संध्याकाळी तिनेच मला स्कूटरवर मागे बसवून धायरीला आणलं. वाऱ्यात ओरडून ओरडून बोलत होती. प्रत्येक स्टोलला लावायला तिने छापील चिठ्ठ्या करून घेतल्या होत्या. वर शुद्ध रेशीम आणि खाली तिचं स्वतःचं नाव. "ताई, लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव पयल्यांदाच छापलं बगा," ती म्हणाली. उतरताना तिने माझ्या हातात एक जांभळा स्टोल कोंबला. नको म्हटलं तर तिला राग आला असता, म्हणून घेतला. घरात आले आणि मला जेवण गेलं नाही.

रात्रभर वाफ घेतली, ओव्याची पुरचुंडी छातीशी धरली. सकाळी उजवी नाकपुडी जरा मोकळी झाली. गॅसपाशी उभी राहून मी त्या स्टोलचा एक आडवा धागा ओढला आणि पेटवला. आधी केसाचा वास आला. आणि पाठोपाठ, अगदी स्पष्ट, रद्दी जाळल्यावर येतो तसा कागदाचा. धागा मिसळीचा होता. विणकराला कुठल्यातरी व्यापाऱ्याने फसवलं होतं, किंवा विणकराने तिला. आणि मी दोघांवर कडी केली होती.

डबा न भरता मी बस पकडली. सरांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे स्वारगेटपर्यंत ठरेना. चुकले म्हटलं तर ते म्हणणार, सर्दी होती तर बोलला का नाहीत. त्याचं खरं उत्तर एकच होतं आणि ते दिलं की दीड वर्ष झाकलेलं सगळं उघडं पडणार होतं. न सांगावं, तर त्या बाईचं नाव परदेशातल्या एखाद्या टेबलावर खोटं पडणार. एखादी थाप सुचते का तेही बघितलं. बस थांब्यांवर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर मी निराळं वाक्य जुळवत होते. शेवटी ठरवलं, सरळ सांगायचं, आणि सर जे बोलतील ते ऐकून घ्यायचं.

जिना चढून आत गेले तर सर माझ्याआधी येऊन बसलेले. समोर ती धायरीची बाई.

"या," सर म्हणाले. "वाफ घेतलीत का?"

मी दारातच उभी राहिले. टेबलावर चिठ्ठी होती. सरांनी ती माझ्याकडे फिरवली. नेहमीच्याच टपोऱ्या अक्षरात दोनच ओळी. *खाली सही करणाऱ्यास गेल्या आजारपणापासून वास येत नाही. तरी हा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.* खाली सही. पेन हवेत धरल्याची खूण त्या सहीत कुठे दिसत नव्हती.

"सर, तो धागा मिसळीचा आहे," मी म्हणाले. "मला काल काही..."

"माहीत आहे. काल या टेबलावर दोन नाकं होती आणि एकही चालू नव्हतं." मग ते त्या बाईकडे वळले. "यांना मी सगळं सांगितलंय. आठ वाजताच फोन करून बोलावून घेतलं."

ती बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "अवो, येवडं काय त्यात?" ती म्हणाली. "आमच्या मामंजींना बी त्या दुखन्यापासनं वास येत न्हाई. गोठ्यात बसून श्रीखंड खात्यात. सांगायचं की सरळ." मग म्हणाली, "पर माल थांबला तर माज्या बायकांनी रातरात जागून केलेलं काम हाय, सर. आन् त्या दुकानवाल्या बाईला मी शब्द दिलाय."

"शब्द दिलाय म्हणूनच थांबवतोय," सर म्हणाले. एरवी टोचून बोलणारे सर तिच्याशी फार मऊ बोलले. नमुना प्रयोगशाळेत कसा द्यायचा ते त्यांनी तिला कागदावर लिहून दिलं. जाताना तिने मला काही सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "आलं घालून काढा घ्या, ताई."

ती गेल्यावर सरांनी चष्मा पुसला. "काल तुम्ही उत्तर फार पटकन दिलंत. रेशीम इतक्या पटकन कधी सांगत नाही. आणि राख मला पटली नव्हती. शिवाय तुम्ही सकाळपासून नाक शिंकरत होतात. माझे कान शाबूत आहेत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर ती म्हणाली असती, तुम्ही बघा." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तुम्ही मला झाकत होता, मी मला झाकत होतो. मधल्यामध्ये ती बाई उघडी पडली असती. रात्री झोप लागली नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"खालच्या दुकानात ते जळालं त्या दिवसापासून."

"दीड वर्ष!" सर माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "आणि मी समजत होतो तुम्हाला कळलंच नाही. एवढं तल्लख नाक असलेल्या बाईला समोर बसलेला माणूस कळू नये, म्हणून मनातल्या मनात तुमच्याबद्दल जरा मत वाईट करून घेतलं होतं. माफ करा."

मी रडत रडत हसले. नाक पुन्हा बंद झालं.

प्रयोगशाळेतून उत्तर आलं. वजनात कृत्रिम धागा जास्त भरला, म्हणजे आकडा बदलला. रेशमाच्या ओळीतून तो माल खालच्या ओळीत गेला. धायरीच्या त्या बाईने छापलेल्या चिठ्ठ्या सगळ्या काढल्या, नव्या करून घेतल्या आणि परदेशातल्या त्या बाईंना स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी निम्माच माल घेतला. उरलेले स्टोल धायरीत लग्नाकार्यात आहेर म्हणून फिरताना मी अजून बघते. पण त्या दुकानवाल्या बाईंनी पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याकडूनच मागवलं, आणि यावेळी तिने विणकराच्या घरी बसून आधी सूत जाळून बघितलं.

सरांची बातमी पेठेत पसरली, कारण त्यांनी ती स्वतःच पसरवली. येईल त्याला सांगायचे, "नाक या बाईंचं, सही माझी, चालत असेल तर बसा." काही जण बसेनासे झाले. पूर्वी जिन्यावर चपला मावत नव्हत्या, आता दुपारी आम्ही दोघंच असायचो. मी त्यांना म्हटलं, तुम्ही उगाच ढोल वाजवलात. ते म्हणाले, "बाई, त्या चिठ्ठीनंतर मला पहिल्यांदा गाढ झोप लागली. गिऱ्हाइकं काय, येतात-जातात, झोप विकत मिळत नाही." मी अजून तिथेच आहे. खराडीहून मध्ये एकदा बोलावणं आलं होतं, पगार दुप्पट. मी त्यांना इमेज झूम करायला सांगितलं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, एक साधा तपासाचा धागा होता. मी जाळला, हुंगला आणि नेहमीसारखं "केस" म्हणाले. सरांनी चिठ्ठी पुढे ओढली, पण लिहिलं नाही.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना, सर."

"तो वास कसा असतो?" ते राखेकडे बघत होते. "इतकी वर्षं म्हटलं, येत नाही तर नाही, आठवतो तर आहे. पण आता आठवतही नाही. गेल्या आठवड्यात रात्री प्रयत्न केला, काही केल्या आठवेना."

मी म्हटलं, "जळलेल्या केसासारखा."

"ते पुस्तकात आहे. तुम्हाला कसा येतो ते सांगा."

रोज हुंगते, पण कधी शब्दात धरला नव्हता. मग मी त्यांना माझ्या लग्नातलं सांगितलं. आमच्या भंडाऱ्याकडे कोशाचं म्हणजे टसरचं रेशीम होतं, जंगलातलं, आणि मी पिवळी कोशाची साडी नेसून होमापाशी बसले होते. भटजींनी तूप जरा जास्तच सोडलं आणि एक ठिणगी उडून माझ्या पदरावर पडली. मला दिसली नाही. धूर डोळ्यांत गेला होता, समिधांचा आणि तुपाचा वास सगळीकडे भरलेला होता, आणि त्यातूनच एकदम तो वास वर आला. कडवट, जिवंत काहीतरी जळतंय असा. मी घाबरले, मला वाटलं माझे केसच पेटले. तेवढ्यात मागून आई ओरडली, "पाह्य नं माय, पदर जळून राह्यला तुया!" आणि सगळ्या मांडवादेखत तिने माझ्या खांद्यावर फाडकन हात मारला.

सर डोळे मिटून, मान किंचित वर करून ऐकत होते. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, अगदी सावकाश, आणि सोडला.

"नाही आला," ते म्हणाले. मग खुर्ची जरा पुढे ओढली. "पण सांगा पुढे. पदराचं काय झालं?"